डिस्क गोल्फमध्ये अप्रोचसाठी पटर: निवड, पकड आणि फेक

डिस्क गोल्फ म्हणजे चकती फेकत, कमीत कमी फेकींत ती साखळ्या लटकवलेल्या बास्केटमध्ये टाकण्याचा खेळ. तो नव्याने खेळू लागलेल्या माणसाचे सगळे लक्ष लांब फेकण्याकडे असते. टी-पॅडवरून (पहिली फेक जिथून होते ती जागा) ड्रायव्हर, म्हणजे लांब पल्ल्याची डिस्क, किती दूर गेला याचीच चर्चा होते, आणि बास्केट ४० मीटरवर आले तरी हातात तोच ड्रायव्हर राहतो. फक्त या वेळी तो हळू फेकायचा असे मनाशी ठरवलेले असते. अशी डिस्क वेग कमी पडल्यामुळे लवकर बाजूला ओढली जाते, जमिनीला तिरकी लागते, घसरत बास्केटच्या बऱ्याच पुढे जाते आणि जिथे तीन फेकी पुरल्या असत्या तिथे चार किंवा पाच लिहावे लागतात. हे टाळायला दंडात जास्त ताकद लागत नाही. योग्य पटर, म्हणजे कमी वेगाने, कमी अंतरावर फेकायची डिस्क, जवळ असावा लागतो आणि तो कुठे, कसा थांबतो याची खात्री असावी लागते.

पटर केवळ बास्केटच्या साखळ्यांत टाकण्यापुरता असतो, असा समज बराच पसरलेला आहे. २०२१ च्या जूनमध्ये अमेरिकेतील युटा राज्यात ऑग्डेन येथे जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. तिच्या अंतिम फेरीच्या शेवटच्या होलवर (टी-पॅडपासून बास्केटपर्यंतचा एक टप्पा म्हणजे एक होल) जेम्स कॉनरॅडने सुमारे ७५ मीटरवरून फेकलेली डिस्क थेट साखळ्यांत गेली, पॉल मॅकबेथशी त्याची बरोबरी झाली आणि नंतरच्या प्लेऑफमध्ये तो विजेता ठरला. ती डिस्क एमव्हीपी कंपनीचा नोमॅड हा पटर होती. इतक्या दुरून बास्केटमध्ये डिस्क टाकणे कोणालाच ठरवून जमत नाही, परंतु एवढ्या महत्त्वाच्या क्षणी, ७५ मीटरवरून, एका उत्तम खेळाडूने पटर उचलला ही गोष्ट लक्षात ठेवावी. साधारण २० ते ७५ मीटर या टप्प्यात पटर हाच बहुतेक वेळा बरोबर पर्याय असतो.

या लेखातील सगळा सल्ला एका मतावर उभा आहे, ते आधीच सांगतो. अप्रोचची, म्हणजे बास्केटजवळ पोहोचवणाऱ्या फेकीची, डिस्क हवेत किती सुंदर जाते यापेक्षा जमिनीला लागल्यावर ती काय करते, हे पाहून तिची निवड करावी. अप्रोच यशस्वी झाली म्हणजे पुढची फेक निश्चिंतपणे साखळ्यांत टाकता येईल अशा जागी डिस्क थांबली. बास्केट तर असतेच, पण निशाणा ती जागा असते.

डिस्कवरचे चार आकडे

बहुतेक कंपन्या डिस्कवर किंवा तिच्या माहितीत चार आकडे देतात: वेग, ग्लाइड, टर्न आणि फेड. पहिला आकडा डिस्क नीट उडण्यासाठी किती वेग लागतो ते सांगतो. पटरांसाठी तो साधारण १ ते ४ असतो, तर लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरसाठी १२ च्या वरही जातो. ग्लाइड म्हणजे हवेत तरंगत राहण्याची क्षमता. टर्न आणि फेड हे दोन आकडे डिस्क वाटेत कोणत्या बाजूला झुकते ते सांगतात. उजव्या हाताने बॅकहँड, म्हणजे हात छातीवरून आडवा आणून, फेकलेली डिस्क वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरते. वेग जास्त असताना तिचा कल उजवीकडे जाण्याचा असतो, तो टर्न. वेग उतरला की ती डावीकडे वळू लागते, ते फेड. डावखुऱ्या खेळाडूच्या बॅकहँडसाठी आणि उजव्या हाताच्या फोरहँडसाठी, म्हणजे फेकणाऱ्या हाताच्याच बाजूने तळहात पुढे ठेवून केलेल्या फेकीसाठी, दिशा उलट समजावी.

हे का घडते तेही समजून घेतलेले बरे, कारण वाऱ्याचा सगळा हिशेब त्यावर चालतो. डिस्कला हवेचा आधार नेमका मध्यबिंदूत मिळत नाही. वेग असताना तो मध्याच्या किंचित मागे असतो आणि वेग उतरून डिस्कचे नाक वर झाले की पुढे सरकतो. न फिरणारी वस्तू अशा वेळी पुढे-मागे कलंडली असती. फिरणारी डिस्क मात्र त्या बलाला काटकोनात प्रतिसाद देते, म्हणजे डावी-उजवीकडे झुकते. फिरकी जितकी जास्त, तितके हे झुकणे सावकाश होते. म्हणून कमी अंतराच्या फेकीतही फिरकी भरपूर हवी. हा मुद्दा पुढे पुन्हा येईल.

आता काही ओळखीच्या डिस्क पाहू. इनोव्हाच्या एव्हिएरचे आकडे २, ३, ०, १ असे आहेत. ती जवळजवळ सरळ जाते आणि शेवटी थोडीशी वळते. डायनॅमिक डिस्क्सचा जज २, ४, ०, १ आहे, म्हणजे तो एव्हिएरपेक्षा जरा जास्त तरंगतो. डिस्कक्राफ्टची झोन आणि वेस्टसाइडची हार्प या दोन्ही ४, ३, ०, ३ आहेत. त्या उजवीकडे झुकत नाहीत आणि शेवटी ठामपणे वळतात. अशा डिस्कला ओव्हरस्टेबल म्हणतात. स्वीडनच्या कास्टाप्लास्ट कंपनीचा बर्ग १, १, ०, २ आहे. त्याला तरंगणे जवळजवळ माहीतच नाही, आणि त्याच्या वरच्या बाजूला अंगठा बसण्यासाठी खळगाही आहे. हे आकडे कंपनीनेच ठरवलेले असतात, तेव्हा एका कंपनीच्या ३ ची दुसरीच्या ३ शी काटेकोर तुलना करू नये.

दुकानात हातात घेऊन काय पाहावे

डिस्क उपडी करा आणि कडेच्या आतल्या भिंतीवरून बोट फिरवा. ही भिंत खोल असेल तर बॅकहँडला बोटे पसरून चांगली पकड मिळते. उथळ असेल तर फोरहँड सोपा जातो, कारण मधले बोट भिंतीला टेकले तरी बाकीची डिस्क हातात अडचण करत नाही. झोन आणि हार्प फोरहँडवाल्यांना आवडतात त्याचे एक कारण हेच आहे. भिंतीच्या तळाशी कधी एक बारीक, गोल उठाव असतो. त्याला बीड म्हणतात. बीडमुळे डिस्क किंचित जास्त ओव्हरस्टेबल होते आणि अनेक वर्षे टिकते असा खेळाडूंचा अनुभव आहे, पण काहींना तो बोटाला टोचतो. एव्हिएर दोन्ही प्रकारांत मिळते, त्यामुळे दोन्ही हातात घेऊन फरक कळू शकतो.

आता डिस्क डोळ्यांच्या पातळीवर आडवी धरा आणि कडेच्या बाहेरच्या अंगावर दिसणारी जोडाची बारीक रेषा शोधा. ही रेषा जितकी वर, तितकी डिस्क ओव्हरस्टेबल. जितकी खाली, तितकी ती सहज उजवीकडे झुकणारी. एकाच साच्यातून निघालेल्या दोन डिस्कमध्येही ही उंची थोडी वेगळी येते, आणि म्हणूनच एकाच नावाच्या दोन डिस्क वेगवेगळ्या उडताना दिसतात. त्याच वेळी माथा पाहा: फुगीर माथ्याची डिस्क जास्त तरंगते, सपाट माथ्याची लवकर खाली येते. अप्रोचसाठी मी नेहमी सपाट माथा घ्यायला सांगेन.

वजनाबद्दल फार विचार करण्याची गरज नाही. व्यावसायिक डिस्क गोल्फ संघटनेच्या, म्हणजे पीडीजीएच्या नियमानुसार व्यासाच्या प्रत्येक सेंटीमीटरला ८.३ ग्रॅमपेक्षा जास्त वजन चालत नाही, २१.२ सेंटीमीटर व्यासाच्या पटरसाठी ही मर्यादा सुमारे १७६ ग्रॅम होते. प्रौढ खेळाडूने १७० ते १७५ ग्रॅमच्या दरम्यानचा पटर घ्यावा, कारण जड डिस्क वाऱ्यात कमी हेलकावते. मुलांना आणि ज्यांचा हात हलका आहे त्यांना १६० ग्रॅमच्या आसपासचा पटर सोयीचा पडतो.

प्लॅस्टिकची निवड मात्र महत्त्वाची आहे. स्वस्त, मूळ प्लॅस्टिक हाताला चांगले धरते, जमिनीवर कमी घसरते, परंतु झाडांवर आपटून त्याची कड लवकर झिजते आणि डिस्क हळूहळू उजवीकडे झुकू लागते. महाग, टणक प्लॅस्टिक वर्षानुवर्षे तसेच उडते, पण कोरड्या टणक जमिनीवर जास्त घसरते आणि थंडीत हाताला निसटते. सरळ जाणाऱ्या पटरसाठी मूळ प्लॅस्टिक आणि ओव्हरस्टेबल पटरसाठी महाग प्लॅस्टिक, ही विभागणी मला सर्वांत व्यवहार्य वाटते. ओव्हरस्टेबल डिस्ककडून आपल्याला खात्रीचे वळण हवे असते; ते झिजून चालत नाही.

सुरुवातीला दोनच डिस्क पुरतात: एक सरळ, एक ओव्हरस्टेबल. सरळ पटर तोच घ्यावा जो आपण साखळ्यांत टाकण्यासाठी वापरतो, म्हणजे हाताची ओळख दुप्पट होते. जे पुण्या-मुंबईत अल्टिमेट फ्रिस्बी खेळले आहेत त्यांना फोरहँड आणि कडेचा तिरपेपणा आधीच माहीत असतो. त्यांनी इतकेच ध्यानात घ्यावे की अल्टिमेटची १७५ ग्रॅमची डिस्क सुमारे २७ सेंटीमीटर रुंद असते आणि खूप तरंगते. तेवढ्याच वजनाचा पटर २१ सेंटीमीटरचा असल्यामुळे तो हवा कापत जातो आणि सवयीच्या जोराने फेकल्यास बास्केटच्या पुढे निघून जातो.

फेकण्याआधी: बास्केटपासून उलटे या

शक्य असेल तेव्हा बास्केटपर्यंत चालत जाऊन जागा पाहून यावी. पहिला प्रश्न असा की चूक कोणत्या बाजूला झाली तर चालेल. डावीकडे पाणी किंवा हद्दीबाहेरची रेषा असेल, तर उजवीकडे ६ मीटरवर थांबलेली डिस्क डावीकडे ३ मीटरवर थांबण्याच्या आशेपेक्षा चांगली, कारण हद्दीबाहेर गेल्यास एक फेक दंड लागतो. दुसरा प्रश्न उताराचा. बास्केटच्या मागे जमीन खाली उतरत असेल तर अलीकडे थांबावे.  उताराच्या वरच्या बाजूने खाली टाकायची वेळ आली तर चुकलेली डिस्क कडेवर उभी राहून घरंगळत जाते आणि एक साधी चूक तीन फेकींची होते.

नॉर्थ कॅरोलायनातील शार्लट शहराच्या दक्षिणेला, साउथ कॅरोलायनातील रॉक हिल येथे विन्थ्रॉप विद्यापीठाच्या मैदानावर अमेरिकी अजिंक्यपद स्पर्धा होते. तिच्या १७ व्या होलवर बास्केटभोवतीचे ‘बेट’ गवताच्या गठ्ठ्यांनी आखलेले असते आणि बाहेर पडलेली डिस्क हद्दीबाहेर धरली जाते. अंतर ७५ मीटरच्या आसपास आहे, म्हणजे तिथल्या खेळाडूंच्या ताकदीच्या मानाने अगदी कमी. तरीही त्या होलवर मोठमोठ्या खेळाडूंची आघाडी गेली आहे. बेटावर डिस्क पोहोचवणे सोपे असते. तिथेच ती थांबवणे कठीण. शार्लट भागात राहणाऱ्या मराठी खेळाडूंनी ही स्पर्धा जाऊन पाहावी आणि डिस्क कुठे पडते यापेक्षा पडल्यानंतर ती किती सरकते याकडे लक्ष द्यावे.

पकड आणि उभे राहणे

कमी अंतरासाठी पंख्यासारखी पसरलेली पकड घ्यावी: अंगठा वर, तर्जनी कडेजवळ, बाकीची बोटे डिस्कच्या पोटाखाली सैल पसरलेली. या पकडीत ताकद कमी पण दिशेवर ताबा जास्त असतो. ५० मीटरच्या पुढे चारही बोटे कडेच्या आत मिटून धरली तर वेग वाढतो. फोरहँडला मधल्या बोटाचा आतला भाग भिंतीला घट्ट टेकवावा आणि तर्जनी त्याला चिकटवावी किंवा आधारासाठी पोटाखाली उघडी ठेवावी.

पडलेल्या डिस्कच्या मागे उभे राहताना नियम काटेकोर आहे. मार्कर डिस्कच्या (थांबलेल्या जागेची खूण करणाऱ्या डिस्कच्या) मागे २० सेंटीमीटर रुंद आणि ३० सेंटीमीटर लांब एवढ्या पट्ट्यात आधाराचा एक तरी बिंदू फेक सुटताना असला पाहिजे, आणि कोणताही आधार मार्करच्या मागच्या कडेपेक्षा बास्केटच्या जवळ नसावा. बास्केटपासून १० मीटरपेक्षा लांब असाल तर डिस्क सोडल्यावर पुढे पाऊल टाकता येते. १० मीटरच्या आत मात्र तोल सावरल्याचे दिसल्याशिवाय पुढे जाता येत नाही. अप्रोचला धावत येऊन फेकण्याची गरज ६० मीटरपर्यंत सहसा पडत नाही. जागेवर उभे राहून, पाय खांद्याएवढे अंतर ठेवून, वजन मागच्या पायावरून पुढच्या पायावर नेत फेकावे. त्याने दिशा अधिक स्थिर राहते.

फेक: ताकद कशी कमी करावी

अप्रोचमध्ये सर्वांत जास्त चूक इथे होते. अंतर कमी आहे म्हणून खेळाडू हात पूर्ण मागे नेतो आणि मग पुढे आणताना मुद्दाम मंद करतो. त्यामुळे डिस्क सुटण्याच्या क्षणीच मनगट थबकते, फिरकी मिळत नाही, डिस्क थरथरत जाते आणि नाक वर होऊन हवेतच थांबल्यासारखी होते. ताकद कमी करायची असेल तर हात मागे कमी न्यावा; पुढे आणतानाचा झटका आणि शेवटचा पाठपुरावा पूर्ण ठेवावा. ७० मीटरला डिस्क खांद्याच्या मागे जात असेल तर ४० मीटरला ती छातीपर्यंतच मागे न्यावी, आणि २५ मीटरला छातीच्या अलीकडूनच सुरुवात करावी. मनगटाची उसळी तिन्ही वेळी सारखीच.

डिस्क छातीजवळून एका सरळ रेषेत न्यावी. सुटताना तिची पुढची कड किंचित खाली असावी. त्यासाठी मनगट थोडे खाली झुकवून, किल्ली कुलपात फिरवावी तसा तळहात वळवण्याची कल्पना करावी. नाक वर राहिले की डिस्क वर चढते आणि अर्ध्या वाटेत अंतर संपते. वारा समोरून असेल तर ती उलटी आपल्याकडे सरकते.

मग तिरपेपणा. बाहेरची कड खाली झुकवून फेकणे म्हणजे हायझर, वर उचलून फेकणे म्हणजे अँहायझर. ओव्हरस्टेबल पटरला हायझरवर फेकले की मार्गाचा सगळ्यात चांगला अंदाज बांधता येतो: उजव्या हाताच्या बॅकहँडने डिस्क उजवीकडून निघून डावीकडे वळत येते आणि बास्केटजवळ तिचा वेग आधीच संपलेला असतो. झाडांच्या सरळ बोळातून जायचे असेल तर सरळ पटर सपाट, कंबरेच्या उंचीवर, कमी चढाईने फेकावा. डावीकडे अडथळा आणि उजवीकडे बास्केट अशा वेळी दोन मार्ग असतात: ओव्हरस्टेबल पटरचा फोरहँड, किंवा सरळ पटरला थोडासा अँहायझर. फोरहँड येत असेल तर तोच निवडावा. वळण नैसर्गिक असते, म्हणून शेवट अधिक खात्रीचा होतो.

जमिनीवर काय होते

जमीन वाचण्याला वेळ द्यावा; यासाठी वेगळ्या कौशल्याची गरज नाही, फक्त लक्ष द्यावे लागते. डिस्क सपाट, कमी उंचीवरून येऊन टणक कोरड्या जमिनीला लागली तर घसरते. ती घसरण फेकण्याआधीच हिशेबात धरावी आणि बास्केटच्या ५-६ मीटर अलीकडे उतरवावी. हायझरवर मध्यम कोनात येणारी ओव्हरस्टेबल डिस्क जमिनीला लागताच वळणाच्या दिशेने उडी घेते. त्या दिशेला उतार किंवा पाणी असेल तर हा फटका टाळावा. उंचावरून, जवळजवळ उभ्या कडेने येणारी डिस्क ओल्या मऊ जमिनीत रुतून थांबते, म्हणून पावसानंतर हा फटका छान काम करतो. परंतु तोच फटका उन्हाने तापलेल्या टणक मातीवर किंवा उतारावर कडेवर उभा राहतो आणि डिस्क चाकासारखी घरंगळू लागते. पाइनच्या सुया पसरलेल्या असतील तर त्यावर सपाट उतरलेली डिस्क अपेक्षेपेक्षा खूप पुढे जाते. उंच गवतात ती जिथे पडते तिथेच राहते. कमी ग्लाइडची डिस्क यातली बरीच अनिश्चितता कमी करते, आणि बर्गसारख्या डिस्कचा सगळा उपयोग यातच आहे: ती जवळजवळ सरळ खाली उतरते आणि फार सरकत नाही.

वारा

समोरचा वारा म्हणजे डिस्कभोवतीच्या हवेचा वेग वाढणे. त्यामुळे ती उजवीकडे जास्त झुकते आणि वर चढते. तेव्हा ओव्हरस्टेबल पटर, कमी उंची आणि थोडा हायझर. मागून वारा असेल तर उलट घडते: डिस्क लवकर वळते आणि लवकर खाली बसते, म्हणून सरळ पटर थोडा उंच टाकावा. बाजूचा वारा सर्वांत त्रासाचा. तो डिस्कच्या पोटाखाली शिरला तर तिला उचलून नेतो, आणि पाठीवर पडला तर दाबून खाली आणतो. म्हणून वाऱ्याच्या दिशेने डिस्कचे पोट कमीत कमी दिसेल असा कोन निवडावा.

सराव

बास्केट नसले तरी चालते. मोकळ्या मैदानावर एक रुमाल किंवा पिशवी ठेवावी आणि तिच्याभोवती ५ मीटर त्रिज्येचे वर्तुळ दोरीने आखावे. दोरी घरून मोजून न्यावी, डोळ्यांनी अंदाज घेऊ नये. २५, ४० आणि ५५ मीटरवर खुणा कराव्यात. जमले तर एकाच साच्याचे पाच पटर घ्यावेत आणि प्रत्येक खुणेवरून पाचही फेकावेत. डिस्क कुठे उतरली आणि कुठे थांबली या दोन्ही गोष्टी वहीत वेगवेगळ्या लिहाव्यात. दोन-तीन आठवड्यांत आपल्या हाताचा एक ठराविक कल दिसू लागतो, म्हणजे ४० मीटरवर सतत कमी पडणे, किंवा फोरहँड नेहमी ४ मीटर उजवीकडे जाणे. एकदा तो कल कळला की त्याला विरोध करण्याऐवजी निशाणा तेवढा सरकवावा. तंत्रातली सुधारणा नंतर सावकाश करता येते.

पटर झिजत जातो, हे शेवटी ध्यानात ठेवावे. सरळ जाणारा पटर काही महिन्यांनी सपाट फेकल्यावर उजवीकडे निघू लागला तर तो टाकून देऊ नये. त्याच्यावर तारीख लिहून तो पिशवीत ठेवावा, त्याच साच्याचा नवा पटर घ्यावा आणि दोन्ही एकामागोमाग त्याच खुणेवरून फेकून पाहावेत. जुना आता उजवीकडच्या वळणासाठी उपयोगी पडतो, आणि नवा सरळ मार्गासाठी. दोन्हींतला फरक किती मीटरचा आहे, हे त्याच वहीत पुढच्या पानावर लिहावे.